बाबलकाकांचे पावणे

आमचे शेजारी बाबलकाका मधमाश्यांना गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं देवापुढे घालायचं असतं, हे आमच्या मसुऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काका मात्र फांदीला लटकलेल्या थव्याखाली नारळ ठेवतात, डोळे मिटतात आणि सुरू करतात, "बा म्हाराजा, ह्या लेकरांका माझ्या पेटयेत रवाची बुद्धी दी..." प्रत्येक मागण्यानंतर मागच्या मंडळींनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मागची मंडळी म्हणजे मी एकटा, आणि तोही फणसाच्या आडून.

काका एस.टी.त कंडक्टर होते. काकी गेल्यावर घर खायला उठलं, तेव्हा त्यांनी मधमाशीपालनाच्या शिबिरात नाव घातलं. तिथून ते एक लाकडी पेटी, एक जाळीची टोपी आणि भलताच आत्मविश्वास घेऊन परतले. टोपी एकच असल्यामुळे सुजायचं काम माझ्याकडे आलं.

थवा पकडणं त्यांना जमतं, खोटं कशाला बोलू? शिडीवर चढून फांदीला एक हिसका, की अख्खा थवा करंडीत. तो पेटीत ओतला, राणी आत गेली, की बाकीच्या तिच्यामागून निघतात. दाराशी गर्दी झाली की काकांचा नोकरीतला आवाज आपोआप बाहेर पडतो, "पुढे सरका, आत जागा आहे!"

पकडलेला थवा टिकत मात्र नाही. शिबिरातल्या बाईंनी बजावलं होतं, नव्या थव्याचं झाकण आठवडाभर उघडू नका. काकांना हे माणुसकीला सोडून वाटतं. "पावणे घरात इले आनि इचारूचा नाय? ही खंयची रीत?" ते तासातासाला झाकण उचलून विचारतात, "बरी आसात मा?" शिवाय गृहप्रवेश म्हणून पेटीपुढे धूप घालतात. धुराने माश्या पळतात, असं मी सांगून पाहिलं.

"धूर येगळो, धूप येगळो," काका म्हणाले.

माश्यांना हा फरक कळत नसावा. दोन-चार दिवसांत पेटी रिकामी होते.

काकांचा मुलगा सुधीर ठाण्याला असतो. त्यालाही सकाळी "चाय घेतलंस?", दुपारी "जेवलंस?" आणि संध्याकाळी "घराक पोचलंस?" असे फोन जातात. म्हणजे जायचे. आता तो उचलत नाही. लहानपणी हाच सुधीर मधासाठी रानभर हिंडायचा, म्हणून काकांनी माझ्या फोनवरून त्याला येत्या मे महिन्यात पेटी बघायला बोलावलं. तो "बघतो" म्हणाला. तेव्हापासून काकांनी मनाशी ठरवून टाकलंय, पावणे राहिले तर सुधीर येतलो.

शिमगा झाला आणि माझ्याच आंब्यावर एक थवा येऊन बसला. गाऱ्हाणं झालं, हिसका झाला, माझा कानही सुजला. दुसऱ्या दिवशी धुपाचा वास येईना, म्हणून मी बघायला गेलो. पेटी कुंपणाजवळ होती, झाकण बंद. काका चांगले लांब, पायरीवर हात बांधून बसले होते. शेजारी फोन पालथा ठेवलेला.

"काकानू, झाकण उघडूक नाय?"

"नाय."

पेटीकडे बघत ते म्हणाले, "मी इचारून इचारून घालवतंय रे. ह्येंका पन, आनि त्येका पन."

एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी तो मारावासा वाटला नाही. काकांनी बसल्या जागी डोळे मिटले. नारळ नव्हता, आवाजही नेहमीचा नव्हता.

"बा म्हाराजा, जी आत आसत ती बरी आसांदेत. जो लांब आसा, तो पन बरो आसांदे. माका कळाक नाय तरी चलात."

दाराशी माश्या घोंघावत होत्या. मी फणसाकडे गेलो नाही. काकांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "व्हय म्हाराजा."