भीमराजच्या गाण्यांना कुलूप

मी उद्धवराव. दापोडीतला एकमेव गुप्तहेर. दुसरा असता तर मला कळलंच असतं. चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर अकरा वर्षं मी कामगारांचे डबे तपासले. झाकण न उघडता, नुसत्या वजनावरून शेपू की गवार ते सांगायचो. बहुतेक वेळा बटाटा निघायचा, ते सोडा.

सोमवारी शेजारच्या प्रभावतीताई पेनड्राइव्ह घेऊन आल्या. त्यांचे मालक भीमराज वर्षापूर्वी गेले. त्यांच्या आवाजातली पाच गाणी तेवढी त्यात उरलेली. रविवारी स्मृतिदिनाला विहारात लावायची होती.

"ज्याच्या स्पीकरला लावावं तो आपलंच काहीतरी भरून देतो. परवा स्पीकरवाल्या बंटीनं डीजेची गाणी भरली! एक दिवस ह्यांचा आवाजच पुसला जायचा. वाजेल, पण भरता-पुसता येणार नाही, असा बटणाचा पेनड्राइव्ह मिळतो म्हणे. स्वस्तात शोधा ना, उद्धवराव."

"मिळाला समजा," मी म्हणालो. लग्नाचे फोटो काढणारी त्यांची पुतणी पिंकी मध्येच बोलायला लागली, तिला मी हातानंच थांबवलं.

आधी गेटवरचा उपाय केला. मोबाइलच्या कॅमेऱ्याला लाल स्टिकर चिकटवला की फोटो बंद. तोच पेनड्राइव्हच्या तोंडावर चिकटवला. आता त्यात कुणाच्या बापाला काही भरता येणार नव्हतं.

"अहो, पण वाजणार कसा?" ताई म्हणाल्या. ग्राहकाच्या अपेक्षा अशा वाढत जातात. स्टिकर काढावा लागला.

पिंपरीतला दुकानदार म्हणाला, "तसलं बटण आता फार कुणी देत नाही. आकड्यांच्या कुलपाचा देतो, सहा हजार." हा बंटीला सामील, हे मी तिथंच ताडलं. आकुर्डीत मात्र बटणाचा मिळाला, अडीचशेला. दोन घेतले. घरी येऊन बटण सरकवलं, तर पेनड्राइव्हचं तोंड आत गेलं. बटणाचं काम तेवढंच होतं.

आणि इकडे भयंकर प्रकार! मूळ पेनड्राइव्ह माझ्याच कपाटात, तरी रोज एक गाणं नाहीसं होत होतं. शुक्रवारी मी ताईंना तसं सांगितलं.

"एकच उरलं?" ताई ओरडल्या.

तेवढ्यात पिंकीनं टपाल तिकिटाएवढं कार्ड काढलं. "काकू, सोमवारीच, इकडे यायच्या आधी, पाचही उतरवून ठेवलीत मी. कॅमेऱ्याचं कार्ड आहे. कडेचा हा खटका खाली केला की लिहिणं बंद. हे घालून स्पीकरला लावायचा रीडर दीडशेचा."

मी ते लगेच माझ्या लॅपटॉपला लावलं. "बघा! बिघडलेलं आहे. काही ठेवूनच घेत नाही."

"काका, तुम्ही काय ठेवताय त्यात?"

"रोजचा तपास अहवाल. माझ्या आवाजात. गुप्तता म्हणून नाव देतो 'गाणं एक', 'गाणं दोन'. कॉम्प्युटर विचारतो, जुनं काढून नवं ठेवू का? आपण हो म्हणतो."

पिंकीनं जुना पेनड्राइव्ह स्पीकरला लावला. माझा आवाज घुमला, "अहवाल तिसरा. संशयित बंटी. चाल अपराधी माणसाची."

"गुन्हेगार सापडला, हे तरी मान्य करा," मी म्हणालो. ताईंनी काहीच मान्य केलं नाही.

रविवारी विहारात कार्ड लावलं. गाण्याआधी भीमराज बोलले, "प्रभा, पंखा बंद कर गं, घरघर येतीय."

प्रभावतीताई उठल्या आणि भिंतीवरची पंख्यांची सगळी बटणं बंद करून जागेवर येऊन बसल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पाचही गाणी संपेपर्यंत पंखा लावा असं कुणी म्हणालं नाही. मीसुद्धा.