दोन उत्तर ध्रुव

ज्याच्याजवळ होकायंत्र आहे तो माणूस आयुष्यात कधी वाट चुकत नाही, असे डोमाजी गुरुजी सांगत. कुरखेड्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी, त्यामुळे मला त्यांचे म्हणणे खोडता येत नसे. एखाद्या पोराने पाणी प्यायला जाऊ का विचारले, की गुरुजी कोटातून होकायंत्र काढत, सुई थांबेपर्यंत त्याला तहानलेले ठेवत आणि मग म्हणत, "जाय. विहीर ईशान्येले हाये." विहीर खिडकीतून दिसत असे.

शाळेची उरलेली वैज्ञानिक संपत्ती म्हणजे दोन पट्टीचुंबक. एक दमदार होता. दुसरा पोरांनी पाडून पाडून मवाळ केला होता. "आपटू नका रे, त्याचा जीव जाते," गुरुजी कळवळून सांगत. मग ते दोघांची उत्तर टोके समोरासमोर आणत. चुंबक एकमेकांना लोटत, आणि इथे धडा विज्ञान सोडून गुरुजींच्या घरी जाई.

"पाहा. हा डोमा, हा सोमा. दोघं बी उत्तर. जमन कसं?"

सोमाजी हा त्यांचा जुळा भाऊ. जंगलापलीकडे पूर्वेला असलेल्या गावी धानाची शेती करी. दोघांत थोरला कोण, हे सुईणीला आठवत नव्हते, आणि दोघांनाही जन्मभर तेवढेच एक व्हायचे होते. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावजत्रा भरते, तीत दंडारीचा, सोंगे घेऊन नाचायचा खेळ होतो. एका वर्षी असे ठरले की रावण थोरल्या भावाने करावा. दोघेही मिशा लावून आले. समोर राम धनुष्य ताणून उभा. शेवटी त्याने वैतागून विचारले, "अबे, मारू कोनाले?"

सारे गाव हसले. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत.

मी एकदा म्हटले, "गुरुजी, एक चुंबक पलटवला की दोघे चिकटतात ना?"

"चुंबक पलटते, मास्तर. आमच्या घरचे नाई पलटत."

एका सकाळी सोमाजीचा गडी शाळेत आला. "सोमाभाऊ लय बिमार हायेत जी. माह्या दादाले आना म्हनतेत."

"कोनाले आना म्हनते?"

"दादाले जी."

गुरुजींनी तो शब्द त्याच्याकडून आणखी एकदा वदवून घेतला. मग कपाट उघडून दोन्ही चुंबक काढले. "त्याले दाखवतो. एकानं तोंड फिरवलं का कसे चिपकते." वाटेतच चिकटू नयेत म्हणून मवाळ उजव्या खिशात ठेवला, दमदार डाव्या.

"गाडीवाटेनं चला जी," गडी म्हणाला.

"गाडीवाट वळनं घेते. सुई नाई घेत."

आणि होकायंत्र छातीशी धरून गुरुजी एकटेच सागवनात शिरले. इतक्या लगबगीने चालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

दिवस कलताना ते जंगलातून बाहेर पडले, ते आमच्याच तलावाच्या पाळीवर. कोट काट्यांनी फाटला होता. "सुई तं एकसारखी डावीकडंच होती," एवढेच बोलले. मी त्यांना बैलगाडीत बसवले आणि गाडीवाटेने नेले.

आम्ही पोचलो तेव्हा सोमाजीला अंगणात आणून, पांढरे कापड पांघरून निजवले होते. त्याची बायको पदराआडून मला म्हणाली, "दिवसभर दाराकडं पाहून रायले होते. दादा कुठी रायला, दादा कुठी रायला..."

गुरुजी भावाच्या उशाशी बसले. खिशांतून दोन्ही चुंबक काढले. उत्तरेसमोर उत्तर धरली, मग हातातला एक फिरवला. टक् असा आवाज झाला.

"पाह्य गा सोमा," ते म्हणाले. "मी पलटलो. थोरला तूच."

होकायंत्रात काही बिघाड नव्हता. जवळ चुंबक असला की सुई उत्तर दाखवत नाही, चुंबक दाखवते. त्या दिवशी तिने सकाळपासून गुरुजींचा डावा खिसा दाखवला. होकायंत्राजवळ चुंबक ठेवू नये, हा धडा शाळेच्या पुस्तकात आहे. त्या वर्षीही तो गुरुजींनीच शिकवला.