मयत फौजदारास चेहरा देण्याबाबत

मेलेल्या माणसाला या जगात कोणी विचारत नाही, हे सत्य आहे. मात्र त्याचा पहिला भाग चालला असेल तर त्याला कोणी झोपूही देत नाही, हे त्याहून मोठं सत्य आहे.

आमच्या चित्रपटसंस्थेच्या भयपटाच्या पहिल्या भागात एक प्रामाणिक फौजदार होता. (प्रामाणिक असल्यामुळे तो सुरुवातीलाच मेला.) त्याच्याच ठाण्यातल्या चार सहकाऱ्यांनी त्याला रेकॉर्डच्या खोलीत कोंडलं आणि खोली पेटवून दिली. मग तो जळक्या तोंडाने परत आला आणि फायली शिवायच्या दाभणाने त्याने त्या चौघांना एकेक करून शिवलं. शेवटी ठाण्यासकट त्याचाही स्फोट झाला. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शेजारच्याचा दंड धरून किंकाळ्या फोडल्या आणि मग ते घरी जाऊन गाढ झोपले. जी कलाकृती माणसाला आधी किंचाळायला लावते आणि नंतर गाढ झोपवते, तिचा दुसरा भाग काढणं हे कर्तव्यच ठरतं. मी या संस्थेत व्यवस्थापक आहे, म्हणजे चहा सगळ्यांपर्यंत पोचला की नाही ते पाहतो. त्यामुळे हे कर्तव्य कसं पार पडलं ते मला फार जवळून पाहता आलं.

पहिली अडचण अशी की सूड घेऊन झाला होता. चारही गुन्हेगार शिवले गेले होते. फौजदाराला या जगात काम उरलं नव्हतं. कथेची जबाबदारी शेठच्या जावयांकडे होती. (शेठ म्हणजे निर्माते. जावयांची नेमणूक गुणवत्तेवर झाली होती. मुलगी देताना गुणवत्ता तपासलीच होती.) जावईबापूंनी बरेच दिवस छताकडे पाहिलं आणि तोडगा काढला. ज्यांनी आग लावली ते गेले, पण ज्यांनी धूर पाहून खिडकी लावून घेतली ते अजून धडधाकट आहेत.

"अशी माणसं निघतील किती?" शेठनी विचारलं.

"पाहिजे तेवढी," जावईबापू म्हणाले.

शेठचे डोळे पाणावले. चौथ्या-पाचव्या भागापर्यंतची ददात मिटली होती.

त्यानुसार दुसऱ्या भागासाठी मरणाऱ्यांची निवड झाली. दारावरच्या धडका ऐकून ज्याने रेडिओ मोठा केला तो शिपाई. "आग माझ्या टेबलावर येत नाही" असं नम्रपणे सांगणारा कारकून. धुराने ठसका लागला म्हणून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी गेलेला जमादार. आणि ठाण्यासमोर राहणारी एक बाई, जिने काजळी बसू नये म्हणून वाळत घातलेले कपडे तेवढे झटपट आत घेतले होते. (या बाईवर वाद झाला. कपडे आत घेण्यात तिचं काय चुकलं, असं शेठच्या पत्नींचं मत पडलं. शेवटी तिला मारायचं, पण कपड्यांना डाग पडू द्यायचा नाही, यावर तडजोड झाली.)

दुसरी अडचण परवानगीची. पडद्यावर गणवेश दाखवायचा तर खात्याची ना-हरकत लागते, आणि ती मिळवून द्यायला आम्ही एक निवृत्त पोलीस अधिकारी सल्लागार म्हणून ठेवले होते. दर वाक्याला एखादं कलम सांगायची सवय असल्यामुळे सगळे त्यांना कलमसाहेब म्हणत. त्यांनी पटकथा लाल पेन्सिलीने वाचली. खुनांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. खुनांच्या रीतीबद्दल होती.

"हा उघड्या डोक्याने खून करतोय," ते म्हणाले. "टोपी कुठाय?"

"साहेब, जळाली," जावईबापू म्हणाले.

"मग नवी मागवायची. गणवेश अर्धवट चालत नाही. आणि मला आधी हे सांगा, हा मेलाय ना? मेलेल्या माणसाला गणवेश घालायचा अधिकारच नाही. त्याला आधी सेवेत परत घ्या."

कायद्यापुढे भूतही सरळ होतं. चित्रपटात एक नवा प्रवेश आला. त्यात फौजदार चौकशी समितीपुढे हजर राहतो आणि आपला मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेला नाही, हे पुराव्यानिशी सिद्ध करतो. समिती त्याला मागच्या तारखेपासून जिवंत धरत नाही, पण कामावर घेते. दाभण ही सरकारी वस्तू असल्याने ते सही करून न्यावं आणि काम झाल्यावर पुसून परत करावं, असंही ठरलं. शिवाय मरणारा हुद्द्याने वरचा असेल तर त्याला आधी सलाम ठोकायचा, मगच भोसकायचं. गंमत अशी की हा सलाम आला आणि चित्रपट खरोखर भीतिदायक झाला. जळका हात कपाळापर्यंत जातो, टाच टाचेवर आपटते, आणि समोरचा अधिकारी सवयीने उलट सलाम करायला हात वर नेतो तेव्हा त्याची बरगडी मोकळी सापडते. कलमसाहेब म्हणाले, नोकरीत सलाम घेताना त्यांना ही भीती नेहमी वाटत आली होती.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं सांगतो आहे त्यांच्याकडे वळतो.

मेलेल्या फौजदाराचं काम करणारे गृहस्थ या धंद्यात उमेदीची सगळी वर्षं घालवून बसले होते. आम्ही त्यांना फौजदारच म्हणायचो. त्यांनी असंख्य चित्रपटांत काम केलं होतं आणि एकाही चित्रपटात ते दिसले नव्हते. चादरीखालचं प्रेत, यंत्रमानव, धुक्यातला मारेकरी, आणि एका बालचित्रपटात अस्वलाचे मागचे पाय. (पुढचे पाय करणाऱ्याला पुढे चांगली कामं मिळाली.) आमच्या पहिल्या भागातही जिवंतपणीचा फौजदार एका देखण्या नटाने केला होता, तो जळाल्यावर पुढचा सगळा वेळ मुखवट्याखाली हे होते.

त्यांची आई प्रत्येक चित्रपट पाहायला जायची आणि परत येऊन विचारायची, "यात तू कोणता रे?" त्यांनी सांगितलं की ती मान डोलवायची. शेजारणी तिला विचारत, मुलगा नक्की करतो काय? तिला सांगता यायचं नाही. अलीकडे तिच्या नजरेवर पडदा चढत चालला होता आणि हा पडदा काढण्यातला नव्हता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, जे पाहायचं ते लवकर पाहून घ्या.

एक दिवस फौजदार मुखवटा काखोटीला मारून शेठच्या खोलीत आले.

"शेठ, एक विनंती होती. या भागात एकदाच मुखवटा काढू का?"

"कशाला? आत काय आहे?"

"माझं तोंड आहे, शेठ."

शेठनी इतक्या वर्षांत प्रथमच ते निरखून पाहिलं. "याने लोक घाबरतील?"

"नाही घाबरणार."

"मग?"

"आईला दाखवायचंय. अजून थोडं दिसतंय तिला. पुढच्या भागापर्यंत नाही दिसणार."

शेठही कुणाचे तरी चिरंजीव होते. त्यांनी नाक शिंकरलं आणि प्रस्ताव तत्त्वतः मंजूर केला. (तत्त्वतः मंजूर म्हणजे बाकीच्यांनी नामंजूर करेपर्यंत मंजूर.)

जावईबापूंची हरकत तर्कशुद्ध होती. चेहरा जळालेला आहे. मुखवटा काढला तरी खाली धड चेहरा कुठून येणार? त्यावर त्यांनीच उपाय सुचवला. सेवेत परत घेतल्यावर फौजदार नव्याने बांधलेल्या ठाण्याच्या हात धुवायच्या बेसिनसमोर उभा राहतो, आणि आरशात त्याला क्षणभर आपला जुना चेहरा दिसतो. पण जुना चेहरा तर त्या देखण्या नटाचा होता! आरशात भलताच माणूस दिसला तर प्रेक्षक काय म्हणतील? यावर बैठक झाली, चहा दोनदा फिरला, आणि अखेर कलमसाहेबांनी निकाल दिला.

"त्यात काय? ओळखपत्रावरचा फोटो आणि माणूस कधी जुळतात? खात्याची हरकत नाही."

चित्रण दुपारी झालं. (काळे पडदे लावले की आमच्याकडे दुपारची रात्र होते.) फौजदारांनी बेसिनसमोर उभं राहून टोपी काढली, मग मुखवटा. त्यांना काही करू नका असं सांगितलं होतं आणि त्यांनी काही केलं नाही. नुसतं आरशात पाहिलं. खूप दिवसांनी कोणी ओळखीचं भेटावं आणि नाव आठवू नये, तसं पाहिलं. मग ओळख पटली. नळ ठिबकत होता तो कोणी बंद केला नाही, आणि मी हातात ट्रे घेऊन तसाच उभा राहिलो. फार सुरेख काम केलं त्या माणसाने. हे मी चेष्टेने म्हणत नाही. चेष्टा करायची वेळ पुढे आहे.

चित्रपट तयार झाला की आमच्याकडे चाचणीचा खेळ होतो. निवडक प्रेक्षक बसवतात आणि पडद्याखाली दोन निरीक्षक, पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड करून. मोबाइलकडे किती माना खाली गेल्या ते त्यांनी टिपायचं. चित्रपट कसा आहे हे त्यांना ठाऊक नसतं, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जातं. त्यांचा अहवाल असा: शिपायाच्या खुनात खाली गेलेल्या माना, शून्य. कपडेवाल्या बाईच्या खुनात, शून्य. (एका प्रेक्षकाने उभं राहून कपड्यांची चौकशी केली.) बेसिनच्या प्रवेशात शंभरातल्या एकाहत्तर माना खाली, एकवीस जण उठून बाहेर, सात जण शेजाऱ्याशी बोलण्यात दंग. उरलेला एक मन लावून पाहत होता. चौकशीअंती तो झोपलेला निघाला.

"काढून टाकू," जावईबापू म्हणाले. "कोणी मरतच नाही त्यात."

फौजदार दाराशी उभे होते. त्यांना न बोलण्याचीच सवय होती.

शेठ मात्र विचारात पडले, आणि मोठी माणसं मोठी का होतात ते त्या दिवशी मला कळलं. "काढायचा नाही," ते म्हणाले. "अहो, माणसाला उठायला कुठेतरी जागा नको का? सारखे खून असले तर तो बिचारा जाणार कधी, पॉपकॉर्न आणणार कधी? हा प्रवेश म्हणजे सोय आहे सोय. उलट जरा लांबवा."

अशा रीतीने आमच्या चित्रपटातला सगळ्यात चांगला प्रवेश, तो कोणी पाहत नाही या एकाच गुणावर, कायम झाला. चित्रपटगृहांचे मालक खूश झाले. प्रेक्षकांतही बातमी आपोआप पसरली. आधी पाहून आलेला नव्याला बजावून सांगायचा, "बेसिन आलं की ऊठ. परत येईपर्यंत जमादार मरत नाही."

फौजदारांना यातलं कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी आईसाठी दुपारच्या खेळाची मधल्या रांगेतली जागा धरली. स्वतः ते मागे भिंतीला टेकून उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी होतो. आईजवळ सूनबाई बसल्या होत्या. खून आला की आई डोळे गच्च मिटून घ्यायची आणि सूनबाई तिचा हात धरायच्या. मग चौकशी समिती उठली, पडद्यावर बेसिन आलं, नळ ठिबकू लागला.

"आई, आता उघडा डोळे," सूनबाई म्हणाल्या. "आता हे येणार."

आईने चष्मा काढून रुमालाने पुसला, नीट लावला आणि मान वर केली.

त्यांच्या समोरच्या खुर्चीत तुम्ही होतात.

तुम्ही उठलात. उठलात यात गैर काही नाही. सोय तुमच्यासाठीच होती. तुम्ही पायाने चप्पल चाचपडलीत, ती सापडेना म्हणून मोबाइलचा दिवा लावलात. आई डावीकडे झुकली. मागच्यांना अडचण नको म्हणून तुम्हीही, सभ्यपणे, डावीकडे झुकलात. ती उजवीकडे झाली तेव्हा तुमची चप्पल उजवीकडे सापडली. मग तुम्ही मागे वळून, दिव्याचा उजेड तोंडावर घेऊन, मागच्या रांगेत पलीकडे बसलेल्या आपल्या माणसाला विचारलंत, "खारे आणू की गोड?" उत्तर यायला वेळ लागला. तुम्ही थांबलात. तुम्ही रांगेतून बाहेर पडलात तोवर फौजदाराने मुखवटा चढवून टोपी सरळ केली होती.

मागे भिंतीशी मी फौजदारांकडे पाहायचं टाळलं.

खेळ सुटल्यावर मात्र आईचा चेहरा उजळला होता. तिने लेकाचा हात घट्ट धरला.

"दिसलास रे! एवढा मोठा दिसलास. अगदी माझ्याकडे तोंड करून उभा होतास. पडद्यावर निराळाच दिसतोस, सूनबाई जवळ नसती तर ओळखलं नसतं मी. आणि बोललासही, काहीतरी आणू का म्हणून."

फौजदारांनी बायकोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हो, आई," ते म्हणाले.

त्यानंतर आईची दृष्टी गेली. आता शेजारणी येऊन बसल्या की ती त्यांना लेकाचं पडद्यावरचं रूप सांगते. भुवया कशा होत्या, कानाजवळचे केस कसे पिकले होते, सगळं बारकाईने सांगते, आणि ते वर्णन तुमचं असतं. फौजदार जवळच बसलेले असतात. माणूस चांगला वाटला, म्हणते ती. नुसता जरा घाईत होता.