दवनीवाड्याचं ठंडं कपाट

भुकेनं माणूस मरतो, पण घर बुडतं ते उरलेल्या भातानं. हे सत्य आमच्या दवनीवाड्यात सर्वांत आधी मनोहरलाल पाटलांना उमगलं, आणि तेही एका कपाटामुळं.

साल अठ्ठेचाळीस. गोंदियाच्या रेल्वेतले एक गोरे साहेब विलायतेला परत निघाले आणि त्यांनी घरचं सामान लिलावात काढलं. पाटील गेले होते धानाचा भाव विचारायला. परतले ते बैलगाडीत एक पांढरं कपाट निजवून, वर चादर टाकून. (वाटेत दोन गावांतल्या लोकांनी त्याला हात जोडले.) कपाट घासलेटवर चालणारं होतं. खाली दिवा पेटवला की आत थंडी पडे, आणि सगळ्यांत वरच्या खणात बर्फ होई. यात नवल मानण्याचं कारण नाही. सरकारातही खाली आग लागली की वर सगळं थंडच असतं.

दुसऱ्या दिवशी पाटलांनी घरात बचतीचं धोरण जाहीर केलं : यापुढं अन्नाचा एक कणही वाया जाणार नाही. अडचण एवढीच निघाली की आधीही जात नव्हता. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी बासी होई, त्यातून उरलं ते भांडी घासणारी वच्छला नेई, आणि वच्छलाच्या घरी काही उरल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. तेव्हा वाचवायचं तर आधी उरायला पाहिजे, असा शुद्ध विचार करून पाटलांनी रोज दीडपट तांदूळ शिजवायला लावले.

"इतका भात खाईल कोन?" पाटलीणबाईंनी, म्हणजे दुलारीबाईंनी, विचारलं.

"कोनीच नाई. वाचवून राहिलो ना आपन."

दुलारीबाईंनी लहान पातेलं उतरवून मोठा गंज चुलीवर चढवला.

पंधरा दिवसांत बचत अशी फोफावली की कपाटाचं दार गुडघ्यानं लावावं लागे. आत दोन गंज भात, लाखोळीचं वरण, वांग्याची भाजी आणि बाजाराच्या दिवशीच्या मासोळ्या. बर्फाच्या खणात जावयासाठी केलेली खीर होती. जावई आला तेव्हा ती कुऱ्हाडीनं फोडावी लागली. (जावई त्याच रात्री निघून गेला, तीही एका माणसाच्या जेवणाची बचतच.) घरातली भांडी आत गेल्यामुळं दुलारीबाई दूध लोट्यात तापवू लागल्या. घासलेट किती जळतं हे मात्र कोणी विचारायचं नसे. ते दिवाबत्तीत धरलेलं होतं.

या प्रगतीत नुकसान झालं ते एकट्या वच्छलाचं. ती विधवा, घरी दोन पोरं. तिचं वर्षभराच्या कामाचं साल ठरलं तेव्हा पंचांसमोर बोली झाली होती : वर्षाचे धान, एक लुगडं, आणि रोज घरात जे उरेल ते. त्या उरलेल्यावरच पोरांची रात्र निघायची. पहिले काही दिवस गंजाच्या तळाचं तरी मिळालं, आता गंज रिकामा आणि कपाट भरलेलं.

"शिळं राहतच नाई आता," पाटील तिला समजावून म्हणाले. "आतमंदी सारं ताजंच राहते."

दोन संध्याकाळी ती रिकामं ताट घेऊन घरी गेली आणि पोरं पेजेवर निजली. मला हे मुळीच आवडलं नाही. पण प्रगतीच्या कामात कोणाचं तरी ताट रिकामं राहायचंच, असं पोटभर जेवलेले जाणकार सांगतात.

तिसऱ्या दिवशी वच्छला गावच्या पंचाकडं, बकारामकडं गेली. "उरलेलं देत नसन, तं मी भांडी कायले घासू?" एवढंच तिचं म्हणणं. बकाराम चार माणसं घेऊन पाटलांच्या अंगणात येऊन बसला.

"पाटील, वच्छलाले उरलेलं काऊन नाई देऊन राहिले?"

"उरलेलं म्हंजे शिळं. माह्या घरी शिळं हायेच कुठी? कपाटातलं अन् चुलीवरचं, दोनी सारखंच ताजं."

"पक्कं?"

"एकदम पक्कं."

बकारामनं सावकाश तंबाखू मळली, चुना झटकला. "मंग झालं तं. चुलीवरचं वच्छलाले देत जा, कपाटातलं तुमी खात जा. तुमचं काय जाते?"

आता पाटलांपुढं दोनच वाटा होत्या. कपाटातलं शिळं असतं हे गावासमोर कबूल करायचं, नाहीतर ते खायचं. पाटील अब्रूदार माणूस. त्यांनी खायचं ठरवलं.

त्या दिवसापासून वच्छला चूल पेटली की ताट घेऊन हजर. वाफाळता भात, लसणाची फोडणी दिलेलं वरण, ताजी भाजी. तिचं ताट वाढून झाल्यावर जे राही ते कपाटात जाई, कारण नियमाप्रमाणं आधी कालचं संपवायचं असे. आणि पाटलांचं सगळं घर पाटावर बसून कालचं वरण विरघळायची वाट बघे.

पाऊसपाणी सरेपर्यंत वच्छलाची पोरं चांगली गरगरीत झाली आणि पाटील निम्मे. दुलारीबाई भांडी मोजायच्या निमित्तानं रोज वच्छलाकडं जाऊ लागल्या, येताना तोंड पुसत येत. पुढं पाटलांचा बैलही रोज नेमका त्याच बाजूला हरवायला लागला, आणि तो शोधायला पाटलांना स्वतःच जावं लागे.

तुम्ही आता हसत असाल. हसा. मग उठून तुमच्या घरातलं ते पांढरं कपाट उघडा. परवाची आमटी आहे, कालची उसळ आहे. आज रात्री आधी तीच संपवाल आणि आजची ताजी भाजी झाकून आत ठेवाल. उद्याही तेच, परवाही तेच.

मनोहरलाल पाटलांच्या घरचं ताजं निदान वच्छला तरी खात होती.