अठ्ठावीस-तीसची मोटर

साडूचं विमान उडालं आणि चष्मेवाल्याची झोप उडाली.

विमान तसं खेळण्यातलंच, हातभर लांब, थर्माकोलचं. पण सासऱ्यांच्या घरामागच्या मैदानावर त्याने झकास घिरट्या घातल्या आणि सासरे चक्क खुर्चीतून उठून उभे राहिले. चष्मेवाला हा त्यांचा थोरला जावई. त्याच्यासाठी ते लग्नातही एवढ्या चपळाईने उठले नव्हते. धाकटा जावई दातांचा डॉक्टर. त्याच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "याला म्हणतात डोकं." चष्मेवाला शेजारीच डोकं घेऊन उभा होता, पण त्याची कुणी दखल घेतली नाही.

"मोटर कितीची हो, साडूभाऊ?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बावीस-बारा," साडूने सहज सांगितल्यासारखं सांगितलं.

घरी पोचेपर्यंत चष्मेवाल्याचा नुसता जळफळाट झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मोटर मागवली, ती अठ्ठावीस-तीसची. पहिला आकडा मोठा, दुसरा तर दुपटीहून मोठा. हाच माणूस दिवसभर आपल्या चष्म्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांना बजावायचा, की नंबर मोठा असण्यात काही भूषण नाही.

आता एवढ्या मोटरला हातभर विमान शोभेना. त्याने दुप्पट मोठं बांधायला घेतलं. दुप्पट पंख वाकायला लागले, म्हणून आत लाकडी पट्ट्या घातल्या. पट्ट्या दिसायला लागल्या, म्हणून वरून अस्तराचं कापड ताणलं. बायको घरी शिवणकाम करायची. ते अस्तर एका गिऱ्हाइकिणीच्या कोटाचं होतं, हे तिला दोन दिवसांनी कळलं. एवढं वजन पेलायला मुलाच्या जुन्या बाबागाडीची चाकं लावली.

"अहो, हे उडवायचंय की ढकलायचंय?" बायकोने विचारलं.

"अगं, मोटर बघ ना कितीची आहे."

विमान दारातून आडवं करून काढावं लागलं, तेव्हा त्याची छाती आणखी फुगली.

रविवारी सगळे मैदानावर जमले. साडूने विमानाभोवती एक फेरी मारली. "कितीची बसवलीत?"

"अठ्ठावीस-तीस."

साडूचा चेहरा खर्रकन उतरला. चष्मेवाल्याने त्याच क्षणी विमान उचलून घरी जायला हवं होतं. पण सुख पचवायची त्याला सवय नव्हती. त्याने बटण दाबलं.

मोटर जोरात गरगरली. विमान पळालं, आणखी पळालं, पळतच राहिलं. जमीन सोडायचं नाव घेईना. वळलं मात्र व्यवस्थित, थेट सासऱ्यांच्या खुर्चीकडे. सासऱ्यांनी पाय वर घेतले, चहाचं टेबल आडवं झालं, त्यावरचा त्यांचा चष्मा खाली पडला आणि बाबागाडीचं चाक त्याच्यावरून गेलं. मग विमान खुर्चीच्या पायावर आपटून मोडलं.

सासऱ्यांनी थोडा वेळ डोळे बारीक करून पाहिलं. "चष्मा नसतानाही मला दिसलं, जावईबापू," ते शांतपणे म्हणाले. "ते उडालं नाही."

घरी आल्यावर चष्मेवाल्याने मोटर टेबलावर ठेवली. धक्क्याने तिचं बाहेरचं कवच निसटलं होतं. ते बसवून त्याने डोळ्यांमधलं अंतर मोजायची पट्टी लावली. "रुंदी अठ्ठावीस मिलिमीटर, उंची तीस. चोख माप आहे. मला फसवलेलं नाही."

बायको अस्तर उसवत बसली होती. "हे अंगाचं माप की कोटाचं?"

"म्हणजे?"

"तुम्ही कवचावरून मोजलंत. तो कोट झाला. आतलं अंग केवढं आहे?"

त्याने कवच काढलं. आत तारा गुंडाळलेला लोखंडी गाभा होता. त्याला पट्टी लावली आणि बराच वेळ ती उचललीच नाही.

"किती?"

"रुंदी बावीस," तो पुटपुटला. "उंची बारा."

"मग झालं तर. एक कंपनी अंगाचं माप सांगते, दुसरी कोटाचं. तुम्ही भाऊजींचीच मोटर आणलीत की."

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. साडूच आला होता, सासऱ्यांचा मोडका चष्मा घेऊन. चष्मा देऊनही तो हलेना. टेबलावरच्या मोटरकडे त्याची नजर पुन्हा पुन्हा जात होती. शेवटी घसा खाकरून म्हणाला, "साडूभाऊ, तुमचं विमान तर मोडलं. ही मोटर नुसती पडून राहणार. मला द्याल? बदल्यात माझी बावीस-बारा घ्या. मघाशी पाहिल्यापासून मन लागत नाहीये हो."

बायकोने मान खाली घालून दाताने दोरा तोडला. चष्मेवाल्याने साडूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. आपलं काही बघून साडू असा तळमळलेला तो पहिल्यांदाच पाहत होता.

"दुसऱ्या कुणाला दिली नसती," तो म्हणाला. "तुम्ही म्हणून देतो."

पुढच्या रविवारी सासरे नवा चष्मा लावून बसले होते. साडूचं तेच हातभर विमान पुन्हा उडालं.

"फरक जाणवतो हं," साडू म्हणाला.

"जाणवणारच," सासरे उठून उभे राहिले. "मोटर केवढी आहे."

मोटर केवढी आहे हे चष्मेवाल्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतःच्या पट्टीने मोजली होती. तरी मान वर करून बघता बघता त्याला वाटलं, या खेपेला विमान जरा जास्तच उंच गेलंय. तो बायकोच्या कानाशी वाकला.

"द्यायला नको होती गं."

"काय?"

"अठ्ठावीस-तीस."