पाठमोरे हिराजीभाऊ

हिराजीभाऊ म्हात्रे कबड्डीची मॅच बघत नाहीत. यात विशेष काही नाही, आपल्यापैकी पुष्कळजण बघत नाहीत. पण हिराजीभाऊ कोच आहेत. निडी स्टेशनच्या पलीकडल्या गावात मुलींचा संघ आहे, त्याचे. मॅच सुरू झाली की ते स्टूल फिरवतात, मैदानाकडे पाठ करतात आणि प्रेक्षकांकडे तोंड करून नुसतं ऐकत बसतात. समोरच्या माणसाला वाटतं, हे आपल्यालाच बघायला आलेत. नवखा प्रेक्षक पाच मिनिटांत स्वतःच्या शर्टाची बटणं तपासायला लागतो.

"भाऊ, मॅच तिकडे चालू हाय," असं कोणीतरी हमखास सांगतं.

"मला म्हाईत हाय. मी कुठे म्हणालो इकडे चालू हाय?"

आणि मग ते मागे न बघता मागचं सांगतात. "पल्लवीचा दम वर गेला. घाबरली ती." "डाव्या कोपऱ्यातल्या दोघी एकदम धावल्या. आता एक जाणार." पुढच्या क्षणी पंचाची शिट्टी वाजते आणि खरोखरच एक जाते. मी त्यांच्या शेजारी बसून हे इतक्यांदा पाहिलंय की माझंही मैदानाकडे लक्ष नसतं. मी भाऊंचा कान बघतो.

माझी त्यांची ओळख पाठीपासूनच सुरू झाली. मी पेणचा. नागोठण्याजवळच्या कंपनीत नोकरीला लागलो तेव्हा पेण-रोहा एसटीने जायचो, आणि ती गाडी भाऊ चालवायचे. ड्रायव्हरच्या मागची सीट माझी ठरलेली. चार वर्षं मी त्यांची मान बघत प्रवास केला. चेहरा नीट पाहिला तो त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराला, आणि जरा निराशाच झाली. मानेवरून मी फार देखणा माणूस धरून चाललो होतो. ते मला तेव्हापासून 'पेणकर' म्हणतात. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, हे विचारायची आता वेळ गेली.

एसटी सुटली, पण एसटी तोंडातून सुटली नाही. कबड्डीचं सगळं शास्त्र त्यांनी गिअर-ब्रेकमध्ये बसवलंय. "आधी क्लच, मंग गियर" हा मुख्य मंत्र. खेळाडू चिडली की "क्लच दाब गो." गरज नसताना आत घुसली की "चढावर चौथा कोण टाकतं?" एकदा पोरी वीस गुणांनी हरल्या आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या. भाऊंनी विचारलं, "इंजिन बंद पडलाय का?" पोरी म्हणाल्या, नाय. "मंग बसा गाडीत, उद्या परत ह्याच रूटला यायचा हाय." संपलं भाषण. मी कंपनीच्या ट्रेनिंग खात्यात आहे. हेच सांगायला मला दोन दिवसांचं शिबिर लागतं आणि जेवणात गुलाबजाम ठेवावे लागतात.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे नेलकटर. कबड्डीत नखं वाढलेली चालत नाहीत, मॅचआधी पंच प्रत्येकीचे हात बघतात. बाकीचे कोच "नखं कापून या रे" म्हणून सोडून देतात. भाऊ स्वतः कापतात. पोरी रांगेने समोर बसतात, भाऊ म्हणतात, "हात दाखव," आणि दहाच्या दहा बोटं निगुतीने कापली जातात. लग्नसराईत यावरून रडारड होते. पल्लवीने बहिणीच्या हळदीसाठी महिनाभर जपलेली, लाल रंगाची, चांदण्या चिकटवलेली नखं भाऊंनी हळदीच्या आदल्या दिवशी उडवली होती. ती आठ दिवस बोलत नव्हती. खेळायला मात्र येत होती.

मी एकदा म्हटलं, "भाऊ, मोठ्या झाल्यात आता. कापतील त्यांच्या त्या."

"पेणकर, हात हातात घेतला की पोरगी कळते. गार असला तर जेवून नाय आली. थरथरला तर घरात काहीतरी झालाय. आणि हात ओढून घेतला तर त्या दिवशी तिला पयल्या चढाईला नाय धाडायची." एवढं बोलून ते पुढच्या बोटाकडे वळले.

गेल्या वर्षी आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की अधिकाऱ्यांसाठी व्याख्यान ठेवायचं: 'यशस्वी क्रीडा प्रशिक्षकांकडून नेतृत्वाचे धडे'. मी चाळीस स्लाइडची पीपीटी तयार केली. साहेब म्हणाले, पीपीटी नको, कोच आणा. नावाजलेला कोच काही मिळेना. मी भाऊंना नेलं.

कंपनीच्या एसी हॉलमध्ये भाऊ इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. भिंतीला हात लावत लावत सावकाश व्यासपीठापर्यंत गेले. मला वाटलं, दडपण आलंय. वर पोचल्यावर त्यांनी माइक घेतला, साठ अधिकाऱ्यांकडे पाठ केली आणि पांढऱ्या पडद्याशी बोलायला सुरुवात केली. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"तीस वर्षं मी पब्लिककडे पाठ करून बसलो," भाऊ पडद्याला म्हणाले. "पन्नास माणसं मागे. कोण झोपलाय, कोण वडे खातोय. एक तरी पॅसेंजर म्हणाला का, ड्रायव्हर, आमच्याकडे बघून गाडी चालव? मी तुमच्याकडे बघत बसलो तर गाडी जाईल कुठे?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं.

"आता कोचचा उलटा हाय. गाडी पोरी चालवतात, मी पॅसेंजर. मी त्यांच्याकडे बघत बसलो की त्या माझ्याकडे बघतात. भाऊ, आत जाऊ का? भाऊ, परतू का? तोवर पाय धरला जातो. म्हणून मी तोंड फिरवलाय. आता त्यांचा त्यांना बघायला लागतो."

साठ जणांनी वहीत लिहून घेतलं. महिन्याभरात सूचनाफलकावर भाऊंचा पाठमोरा फोटो लागला, आणि आमच्या एका व्यवस्थापकांनी मीटिंगमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायला सुरुवात केली.

गावात मात्र हवा वेगळी होती. मंडळाचे अध्यक्ष परशुरामशेठ, तीन टेम्पोंचे मालक, त्यांना पेणचा एक सर्टिफिकेटवाला कोच सापडला होता. तो लॅपटॉपवर मॅच दाखवून शिकवायचा. शेठचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं: "आमचा कोच मॅच बघत नाय, न् तो बघितलेली मॅच परत बघतो." रोह्याच्या स्पर्धेनंतर निर्णय घ्यायचा, असं ठरलं. भाऊंना हे ठाऊक होतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी पनवेलला आठव्या मजल्यावर, दर फोनला "बाबा, या आता" म्हणणारी. संघ गेला की पनवेलला जायचं, एवढं सरळ होतं. "तिकडे गॅलरीतून खाली बघितला तर माणसं मुंगीएवढी दिसतात म्हणे," भाऊ मला म्हणाले. "मी करू काय तिकडे?"

रोह्याला मी मुद्दाम रजा टाकून गेलो. मॅच दुपारी चारला होती. मंडपामागे भाऊंचा नखांचा कार्यक्रम चालू होता आणि मी नारळपाणी घेऊन जवळच उभा होतो. "हात दाखव." टुक. "दुसरा." टुक. मी सहज वाकून पाहिलं आणि चमकलो. पल्लवीच्या बोटांना कापायला नख नव्हतंच. आधीच बारीक कापलेली होती, सगळी. फक्त अंगठ्याला थोडंसं टोक ठेवलेलं. भाऊ नेलकटर एकेका बोटाजवळ नेत होते, हवेत दाबत होते. अंगठ्याला तेवढा आवाज येत होता. आणि पल्लवी, जिच्या चांदण्या गेल्या होत्या ती, अंगठ्याच्या वेळी तोंड वाकडं करून म्हणत होती, "भाऊ, हळू ना."

मी कप्तान सुगंधाला बाजूला घेतलं. ती रोह्यालाच एका दवाखान्यात नर्स आहे, बोलायला धीट.

"सर, कोणाला बोलू नका," ती म्हणाली. "मागच्या वर्षी भाऊंनी पल्लवीचं बोट कापलं. रक्त आलं. आणि त्यांना समजलंच नाय, ते पुढचं बोट कापत होते. ती पण काय बोलली नाय, मूठ दाबून बसली. तेव्हा कळलं आम्हाला. भाऊंना दिसत नाय. साखर हाय ना त्यांना, त्याचाच असणार."

"मग डॉक्टर?"

"दोनदा म्हटलं. क्लच दाब म्हणाले." ती हसली आणि डोळे पुसले. "तेव्हापासून आम्ही घरून कापून येतो. अंगठ्याचं थोडं ठेवतो, आवाज यायला पायजे ना. शेठला कळलं तर आजच काढतील त्यांना."

मग माझ्या डोक्यात एकेक उजेड पडत गेला. भाऊंनी स्कूटर विकून टाकली होती ती "डॉक्टरने चालायला सांगितलाय" म्हणून. हॉलमधली ती भिंत. तो पडदा. ज्या नेतृत्वाच्या सिद्धांतावर आमची कंपनी वर्षभर चालली होती, तो एका म्हाताऱ्याने डोळे लपवायला रचला होता. मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. चार वर्षं त्या माणसाच्या हातात जीव देऊन मी मागे पेंगलो होतो, आणि गेलं वर्षभर शेजारी बसून मला काही दिसलं नव्हतं.

मॅच अटीतटीची झाली. भाऊ नेहमीसारखे पाठमोरे. शेवटच्या मिनिटाला एक गुण मागे, आणि चढाईला सुगंधा. तिने स्टुलाकडे पाहिलंही नाही. पाहायची सवयच मोडली होती. भाऊंचे ओठ तिच्या दमाबरोबर हलत होते. "गेली आत," ते पुटपुटले. "बोनसच्या पुढे गेली. अजून दम हाय. परत ये गो, परत ये." मध्यरेषेपासून वीतभर अलीकडे तिला चौघींनी दाबलं. शिट्टी झाली. आम्ही हरलो. भाऊ एवढंच म्हणाले, "निर्णय बरोबर होता तिचा."

परशुरामशेठ तिथेच आले. भाऊंच्या पाठीमागेच उभं राहून त्यांनी सुगंधाला सांगितलं की सोमवारपासून पेणचे कोच येतील. भाऊंच्या कानाची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती.

सुगंधा अजून धापा टाकत होती. गुडघ्यातून रक्त येत होतं. "येऊ देत की," ती म्हणाली. "लॅपटॉप पण आणू देत. शिकू आम्ही. पण नखं भाऊच कापणार, आणि स्टूल तिथंच राहणार. नायतर पंचांसमोर आम्ही नखं वाढवून उभ्या राहू, सातच्या सात."

"नखं?" शेठ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली, जणू कंपनीच्या दृष्टीने हा फार मोठा मुद्दा आहे. शेठ थोडा वेळ घुटमळले आणि म्हणाले, बरं, दोघं राहू देत.

पुढच्या आठवड्यात मी भाऊंना गाडीत घालून पेणला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. नेलं म्हणजे, नागोठण्याला वडापाव खाऊ म्हणालो आणि नागोठणं आलं तरी थांबलो नाही. त्यांनी ओळखलं. "पेणकर, स्टॉप गेला," म्हणाले. डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. साखरेने डोळ्याचा पडदा खराब झालेला, गेलेली नजर काही परत यायची नाही, उरलेली सांभाळायची. पुढच्या तपासणीसाठी पुन्हा डोळ्यांत औषध घालून आम्हाला बाहेर बाकावर बसवलं.

मला राहवलं नाही. म्हटलं, "भाऊ, त्या मुलींना ठाऊक आहे."

"मला म्हाईत हाय."

"नखं घरून कापून येतात त्या."

"तेपण म्हाईत हाय. कान हायत ना मला. नख कापल्याचा आवाज वेगळा न् हवेचा वेगळा. पाच बोटांत एकदा वाजतो, तो पण अंगठ्याला." ते डोळे मिटून हसले. "पल्लवी तर ओरडते पण. चांगली ॲक्टिंग करते पोरगी."

"मग कापता कशाला?"

"नाय कापली तर त्यांना समजेल, भाऊला कळलाय. मंग बसतील रडत. मॅचच्या आधी रडून चालत नाय." मग ते हळूच म्हणाले, "आणि दुसरं कोण हात देतंय मला, पेणकर?"

त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मी पहिल्यांदाच नीट पाहिले. नखं वाढलेली, वेडीवाकडी, दोन कडेने तुटलेली. अनामिकेला जुनी जखम, स्वतःच कापायला गेल्याची. ज्यांची सात जणींच्या हातांवर नजर, त्यांचे हात आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.

मी त्यांच्या वरच्या खिशातून नेलकटर काढलं.

"हात दाखवा," म्हटलं.

ते एकदम दचकले. समोरच्या बाकावरची माणसं आमच्याकडे बघत होती, त्यातलं त्यांना काही दिसत नव्हतं. मग त्यांनी उजवा हात पुढे केला. स्टेअरिंग धरून रुंद झालेला तो हात गार होता, आणि बारीकसा थरथरत होता. मी करंगळीपासून सुरुवात केली.

"हळू," भाऊ म्हणाले.