‘क’ एकमताने मंजूर

“खरेदी? आणि ती तू मला शिकवणार?” ताई फोनवरच हसली. “अगं, अठरा वर्षं खरेदी विभागात काढलीत मी! टाचणीपासून क्रेनपर्यंत सगळं या हातानं घेतलंय. आजवर एक वस्तू परत पाठवावी लागली नाही!”

“नवरा सोडून,” धाकटी बहीण म्हणाली.

 लोखंडी कपाटं बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात ताईला सगळे ‘तक्ताताई’ म्हणत. तक्ता केल्याशिवाय ती हातरुमालसुद्धा घेत नसे. लग्नाच्या वेळी तिनं पाच स्थळांचा तक्ता केला होता. शिक्षण, उंची, घर, पगार, दात! सगळे गुण मिळवून जो पहिला आला त्याच्या गळ्यात माळ घातली. ‘बायकोचं ऐकून घेतो का’ हा रकाना आखायचा राहून गेला, आणि बारा वर्षांनी तो पहिला आलेला नवरा आपला रस्ता धरून निघून गेला. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी ताई दोन खोल्यांत एकटी राहत होती. सुखात होती. फक्त एका बाबतीत नव्हती, आणि तेवढं तिनं गेल्या आठवड्यात धाकटीला, आढेवेढे घेत घेत, सांगून टाकलं होतं.

धाकटी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे आणि कंबरा पिळणारी. तिला कसली लाज!

“ताई, नवरा नको तर नको. पण स्वतःचं सुखही सोड असं कोणी सांगितलंय? क्लिटोरल सक्शन व्हायब्रेटर मिळतो, तो घे. मुठीत मावतो. आत काही घालायचं नाही. बाहेरच, जिथं हवं तिथं टेकवायचा, हवेचे हलके झोत येतात. मी दोन वर्षं वापरतेय. तुझा पहिलाच, तेव्हा साधासा घे आणि मोकळी हो.”

ताईचे कान तापले. पण क्षणभरच. लगेच तिच्यातली खरेदी अधिकारी जागी झाली.

“साधासा म्हणजे? सुरुवातीचा जोर किती? पायऱ्या किती?”

“ताई, साबण घेतल्यासारखा घे गं!”

“साबणाचाही मी तक्ता करते,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

आठ दिवस तिनं नुसता अभ्यास केला. चार व्हायब्रेटर निवडले. टेकवायचं तोंड केवढं, ते मऊ सिलिकॉनचं आहे का, सुरुवात सौम्य होते का, आवाज किती, पाण्यानं धुता येतो का, एकदा चार्ज केला की किती वेळ चालतो. वापरलेल्या बायकांचे अभिप्राय वाचले. एकीनं लिहिलं होतं, आयुष्य बदललं. दुसरीनं लिहिलं होतं, खोकं फार सुंदर आहे. ताईनं दोघींचीही नोंद घेतली.

आता इथे कारखान्याचा एक नियम सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यानं घडवलं. पूर्वी खरेदी समितीत खुर्च्या म्हटलं की एकाचा मेहुणा खुर्च्या बनवणारा निघायचा, पंखे म्हटलं की दुसऱ्याचा साडू. म्हणून ताईनंच झगडून नियम करून घेतला होता: समितीपुढे नुसता तक्ता ठेवायचा. कंपन्यांची नावं नाहीत, वस्तूचंही नाव नाही. अ, ब, क, ड आणि त्यांचे गुण, बस्स. वस्तूचं नाव बंद पाकिटात. निर्णय झाला की मगच पाकीट फोडायचं. आणि नियम सात: एकदा समितीपुढे आलेला तक्ता कोणालाही मागे घेता येणार नाही. हा तर खास मोठ्या साहेबांना वेसण घालायला केलेला!

धाकटीनं ‘ब’ची फार तारीफ केली होती. तेव्हा आपला निर्णय तिच्याकडे झुकू नये म्हणून ताईनं स्वतःसाठीही तोच नियम पाळला. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कागदावर तक्ता छापला. वस्तूचं नाव चिठ्ठीवर लिहून पाकिटात घातलं. सवयीनं पाकिटावर सही केली. सवयीनं हिरव्या फोल्डरमध्ये ठेवलं. शेजारी दुसरा हिरवा फोल्डर होता, रंगकाम विभागाच्या हातमोज्यांचा. संध्याकाळी घाईघाईत एक फोल्डर पिशवीत टाकून ती घरी गेली, आणि दुसरा समितीच्या टपालात गेला.

कोणता कुठे गेला हे तिला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळलं. समितीची बैठक सुरू झाली, आणि इतिवृत्त लिहिणाऱ्या काकूंनी प्रत्येकापुढे तक्त्याची एकेक प्रत ठेवली. पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं: ‘टेकवायच्या तोंडाची मऊ कड’.

हातमोज्यांचा नव्हे, हा ताईचा स्वतःचा तक्ता! अठरा वर्षांची अब्रू, आणि ती आता एका पाकिटात बंद होऊन टेबलाच्या मधोमध पडलेली!

“साहेब,” ती उभीच राहिली, “हा तक्ता चुकून आलाय. मी मागे घेते.”

मोठे साहेब चार वर्षं या दिवसाची वाट पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की बस!

“नियम सात, बाई,” ते गोड आवाजात म्हणाले. “बसा खाली.”

ताई बसली. समितीत तिघे: मोठे साहेब, कारखानाप्रमुख आणि सुरक्षा अधिकारी. वस्तू काय आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं, आणि त्यावाचून कोणाचं काही अडतही नव्हतं. न कळणाऱ्या वस्तूवर बोलायचा त्यांचा हातखंडा होता.

“मी काय म्हणतो,” कारखानाप्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला, “यात ‘क’ला तोड नाही. जोर बघा! पहिल्या पायरीपासूनच दणका. नाहीतर हा ‘ब’. म्हणे हळूहळू सुरू होतो. कोणाला वेळ आहे हळूहळूसाठी?”

“सुरुवात सौम्य असलेली बरी,” ताईच्या तोंडून निघून गेलं.

“का?”

“वापरणाऱ्याला... त्रास होऊ नये म्हणून.”

“वापरणाऱ्याला काय विचारायचं त्यात?” कारखानाप्रमुख हसले. “आपण ठरवायचं, त्यांनी वापरायचं. बाई, अशा यंत्रांचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे. जोर लावला की काम होतं!”

काकूंना ठसका लागला. त्या पाणी प्यायल्या.

“आवाजाचं काय?” सुरक्षा अधिकारी खेकसले. “इथे जास्त आवाजाला कमी गुण दिलेत! उलट पाहिजे! यंत्र चालू आहे हे चार माणसांना ऐकू गेलं पाहिजे. ‘क’चा आवाज सगळ्यांत मोठा आहे. माझं मत ‘क’.”

“पण चार माणसांना कशाला...” ताई कळवळली.

“सुरक्षा!” ते टेबलावर थाप मारून म्हणाले. यापुढे कोणी कधी काही बोलत नसे.

मोठे साहेब तक्ता उलटसुलट करून पाहत होते. “आणि बाई, नग फक्त एक? एवढ्या मोठ्या कारखान्याला एक? चाळीस घ्या. नाहीतर असं करा, पाच घ्या आणि सगळे आळीपाळीनं वापरतील.”

“आळीपाळीनं नाही!” ताई किंचाळली. तिघेही दचकले. “म्हणजे... स्वच्छतेच्या दृष्टीनं... ज्याचा त्यानं वापरावा.”

“मग चाळीस,” मोठे साहेब म्हणाले. “‘क’, एकमतानं. काकू, लिहा. आणि फोडा पाकीट.”

काकू बावीस वर्षं इतिवृत्त लिहीत होत्या. मारामाऱ्यासुद्धा त्यांनी ‘सदस्यांत विचारांची देवाणघेवाण झाली’ अशा लिहिल्या होत्या. त्यांनी पाकीट फोडलं, चिठ्ठी काढली, मनात वाचली. ताईकडे एकदा पाहिलं. ताईनं हात जोडले नाहीत एवढंच, बाकी सगळं डोळ्यांनी केलं. पण काकू म्हणजे काकू! कागदावर आहे ते वाचायचं, हे त्यांचं व्रत. त्यांनी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं:

“क्लिटोरल सक्शन व्हायब्रेटर. पहिल्यांदा वापरणाऱ्यासाठी.”

ताईनं डोळे मिटून घेतले. आता राजीनामा. आता गाव सोडायचं. आता धाकटीच्या घरी लोकांचे गुडघे धरायला जायचं!

 मग कारखानाप्रमुखांनी मान डोलावली.

“तेच ते! मी म्हटलं नव्हतं? आमच्या आधीच्या कारखान्यात दोन होते.”

ताईनं एक डोळा उघडला.

“ओढतोही आणि थरथरतोही,” मोठे साहेब कौतुकानं म्हणाले. “एकात दोन कामं. आणि ते पहिलं काय? क्लि... क्लि...”

“ती कंपनी, साहेब,” कारखानाप्रमुख म्हणाले. “परदेशी. जुनी, नावाजलेली.”

“मग हरकत आहे माझी!” सुरक्षा अधिकारी उसळले. “चिठ्ठीत कंपनीचं नाव कसं? नियमात बसतं का?”

काकूंनी पेन उचललं. “हरकत नोंदवू?”

“नोंदवा!”

काकूंनी अक्षर न अक्षर नोंदवलं. तिघांचीही लग्नं होऊन पंचवीस-पंचवीस वर्षं झालेली, आणि एकालाही तो शब्द कळला नव्हता! ताईला हायसं वाटलं, आणि लगेच त्या तिघांच्या बायकांची इतकी दया आली की हायसं वाटल्याची लाज वाटली. बैठक संपल्यावर जिन्यात काकू तिच्या कानाशी वाकून एवढंच म्हणाल्या, “पोरी, पुढच्या वेळी पाकिटावर ‘खाजगी’ लिहीत जा. आणि तो तक्ता मला पाठव.”

राहिला प्रश्न चाळीस नगांचा. तो दुसऱ्या दिवशी आपोआप सुटला. कारखानाप्रमुख रजेवर गेले. कारण लिहिलं होतं, ‘घरगुती’. दुपारी ताईचा फोन वाजला.

“मी कारखानाप्रमुखांची बायको बोलतेय. काल हे जेवताना म्हणाले, आज चाळीस अमुकतमुक मंजूर केले. मी म्हटलं, अहो, ते काय असतं ठाऊक आहे का? म्हणाले, यंत्र. मग मी सांगितलं. चित्र काढून सांगितलं! तेव्हापासून ते गच्चीत बसून आहेत. आदेश रद्द करतो म्हणतायत, करू द्या. पण तुमचा तो तक्ता मला मिळेल का हो? अख्खा?”

ताईनं पाठवला. काकूंनाही पाठवला. तक्ता होताच तसा चोख! त्या बाईंनी तो बहिणींना पाठवला, बहिणींनी नणंदांना, नणंदांनी जावांना. शनिवारी अनोळखी नंबरवरून तिला विचारणा आली, “‘ब’ आणि ‘अ’मध्ये तोंडाच्या आकाराचा फरक जरा समजावून सांगाल का?” ताईनं समजावून सांगितला. दिवसभर समजावून सांगितला. आयुष्यात इतका मान तिला मिळाला नव्हता.

संध्याकाळी ती स्वतःसाठी ‘ब’ मागवायला बसली. ‘साठा संपला.’ ‘अ’? ‘साठा संपला.’ ‘ड’ तिनं आधीच नापास केला होता, त्याला पाणी चालत नव्हतं. उरला ‘क’.

“महिनाभर थांब,” धाकटी म्हणाली.

“चव्वेचाळीस वर्षं थांबले की गं!” ताई म्हणाली. थट्टा नव्हती त्यात. “सगळ्या गावाला मिळाला, मीच राहिले.”

आणि तिनं ‘क’ मागवला. समितीनं एकमतानं मंजूर केलेला!

तो बुधवारी आला. रविवारी सकाळी ताईनं दार लावलं, पडदे ओढले, फोन बंद केला. पलंगावर स्वच्छ चादर घातली. माहितीपत्रक दोनदा वाचलं. जरा हसली, जरा घाबरली, आणि बटण दाबलं.

कारखानाप्रमुख एका बाबतीत खरे होते. पहिल्या पायरीपासूनच दणका! ताई वीतभर उडाली. सुरक्षा अधिकारीही खरे होते. चार माणसांना काय, चार मजल्यांना ऐकू गेलं असतं! घाबरून तिनं बंद करायला बटण दाबलं, तर तो दुसऱ्या पायरीवर गेला. पुन्हा दाबलं, तिसऱ्या. उशीखाली घातला, तर पलंग घुमायला लागला. आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

एकदाचा तो बंद करून, केस सारखे करत तिनं दार उघडलं. समोर शेजारचे काका, निवृत्त मेकॅनिक. हातात पान्यांची पेटी.

“ताई, मिक्सर बिघडलाय ना? भिंतीतून ऐकू आलं. आवाजावरूनच ओळखलं मी, बेअरिंग गेलंय!”

“नाही हो काका, काही झालेलं नाही...”

“लाजता काय? आणा इकडे, पाच मिनिटांत मोकळा करतो.”

काका आत येऊन ओट्यासमोर उभेसुद्धा राहिले होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं, उशी तिथेच. ताईपुढे दुसरा इलाज नव्हता. तिनं मिक्सर काढून त्यांच्या हातात दिला. नवाकोरा, गेल्याच वर्षी तक्ता करून घेतलेला, कधी कुरकुरसुद्धा न केलेला.

काका तीन तास बसले होते. जाताना म्हणाले, आता आवाज येणार नाही.

खरंच येत नाही. काही केल्या मिक्सर सुरूच होत नाही.